उन्हाळ्यातल्या इजा: धोका ओळखायचा कसा, टाळायचा कसा आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

उन्हाळ्यातल्या बहुतेक गंभीर इजांमागे एकच गोम असते: धोका समोर असतो, पण धोक्यासारखा दिसत नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही. उष्माघाताच्या वाटेवर असलेला माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणत कामाला चिकटून राहतो. हवा फारशी गरम नसतानाही उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून जीवघेणी तापते. राखेखालचे निखारे दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय भाजतात. त्यामुळे नुसतं 'जपून राहा' म्हणून भागत नाही. काय बघायचं, किती वेळ, किती प्रमाणात, आणि बिघडलंच तर हात कुठून चालवायला सुरुवात करायची, हे आधीच ठरलेलं हवं. खाली उष्णता आणि पाणी या दोन विषयांना सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण इथे मिनिटांवर जीव अवलंबून असतो.

उष्णता: शरीर थंड होतं कसं आणि हरतं कुठे

शरीराकडे थंड होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, त्वचेकडे जास्त रक्त वळवून उष्णता बाहेर टाकणं. दुसरा, घाम. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पहिला मार्ग जवळजवळ बंद होतो आणि सगळा भार घामावर येतो. पण घाम येण्याने थंडावा मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. कपाळावरून टपटप गळणारा घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, थंडावा मात्र देत नाही. म्हणून दमट हवेतले ३३ अंश सेल्सिअस कोरड्या हवेतल्या ३९ अंशांपेक्षा जास्त घातक ठरू शकतात. हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर आर्द्रताही बघा. 'जाणवणारं तापमान' म्हणून दिलेला आकडा सावलीतला असतो. थेट उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला १ ते २ आठवडे लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. उन्हातल्या कामावर होणाऱ्या मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतला असतो, तो यामुळेच. कामाला किंवा सरावाला नव्याने लागणाऱ्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम उन्हात करावं आणि रोज २० टक्के वाढवत जावं. सवय असलेला माणूस सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के असे चार दिवस पुरतात. मुकादम, प्रशिक्षक आणि शिक्षक यांनी ही गोष्ट वेळापत्रकातच बसवावी. नव्या माणसाच्या समजुतीवर सोडली तर तो सर्वांच्या बरोबरीने राबणार हे ठरलेलं.

पाणी किती प्यायचं? उन्हात कष्टाचं काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. तहान लागण्याची वाट बघू नये, पण ताशी दीड लिटरच्या वरही जाऊ नये. नुसतं पाणी अति प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळ अशी त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि लोक अजून पाणी पाजून प्रकृती बिघडवतात. भरपूर पाणी पोटात गेलंय, लघवी पाण्यासारखी आहे, बोटांवर सूज येऊन अंगठी घट्ट झाली आहे आणि तरीही माणूस बरा नाही, असं असेल तर पाणी थांबवून रुग्णालय गाठा. काम तासाभराहून लांबणार असेल आणि घाम फार जात असेल तर खाणंही चालू ठेवा. मीठ मुख्यतः जेवणातूनच भरून निघतं.

जलसंजीवनीचं पाकीट हाताशी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करूनच मोजा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

औषधांकडे फारसं कोणी बघत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. सर्दी-ॲलर्जीची काही औषधं आणि काही मानसोपचाराची औषधं घाम रोखतात. बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाची गती वाढू देत नाहीत. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक होऊ शकते. यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना एकदा यादी दाखवायची.

घरात राहणारे सुरक्षित असतात हा समज वृद्धांच्या जिवावर बेततो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी सुटतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची दिवसातून दोनदा चौकशी करा, त्यातली एक तरी प्रत्यक्ष भेटून. फोनवर सगळे "बरं आहे" म्हणतात. दिवसा ऊन येणाऱ्या खिडक्या आणि पडदे बंद, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की उघडे, हा साधा क्रम खोलीचं तापमान बराच खाली ठेवतो. पंख्याला मर्यादा आहे: हवा ४० अंशांच्या वर गेली की तो गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओलं करून वाऱ्यात बसणं किंवा थंड जागी जाणं हाच उपाय.

थकवा की उष्माघात

घामाघूम अंग, मळमळ, डोकेदुखी, पायांत पेटके, उभं राहिल्यावर भोवळ, पण बोलणं-चालणं सुसंगत, हा उष्णतेचा थकवा. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोटघोट पाणी द्या. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर डॉक्टर गाठा. फरक पडला तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात काम नाही.

वागणं बदललं की तो उष्माघात धरायचा. असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, दारू प्यायल्यासारखी चाल, झटके, बेशुद्धी. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा वर पोहोचलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम सुरू झालेला असतो. 'अंग कोरडं पडलं तरच उष्माघात' ही जुनी समजूत सोडून द्या. कष्टाच्या कामात किंवा खेळात उष्माघात झालेला माणूस बऱ्याचदा घामाने निथळत असतो. शंका आली की तीन प्रश्न विचारा: नाव काय, आपण कुठे आहोत, आत्ता काय करत होतो. मग दहा पावलं सरळ चालायला सांगा. काखेत किंवा कपाळावर धरलेला तापमापक अशा वेळी कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी थंड करायचं, मग न्यायचं. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणलं तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते. गाडीची वाट बघण्यात तोच अर्धा तास जातो.

१. एकाने आपत्कालीन सेवेला फोन करायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं.

२. सावलीत न्या. हेल्मेट, बूट आणि वरचे कपडे काढा. गाठी सुटत नसतील तर कापा.

३. टब, हौद किंवा मोठं पिंप असेल तर मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा, असेल तेवढा बर्फ टाका. एकाने मागून काखेत हात घालून डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं. पाणी सतत हलवत राहा. स्थिर पाण्यात अंगालगतचा थर कोमट होतो आणि थंड होण्याचा वेग पडतो. बर्फाच्या पाण्यात दर ५ मिनिटांना साधारण १ अंश उतरतो.

४. टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून चौघांनी कडा उचलून खोळ करायची आणि त्यात पाणी-बर्फ ओतायचा. तेही नसेल तर नळीने अंगभर पाण्याचा मारा आणि वारा. ओल्या चादरी वापरत असाल तर दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा थंड पाण्यात बुडवा, नाहीतर ती चादर पांघरूण बनते. काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं पूरक आहे, एकटं पुरत नाही.

५. माणूस नीट बोलू लागला, थरथर सुरू झाली किंवा आतलं तापमान ३९ अंशांखाली आलं की पाण्याबाहेर काढा आणि रुग्णालयात न्या. शुद्धीवर आला म्हणून घरी पाठवू नका. यकृत आणि मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो.

६. गुंगीत असलेल्याला तोंडाने काहीही देऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. हा संसर्गाचा ताप नसल्याने त्यांनी उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो.

वृद्ध आणि हृदयरोग्यांना बर्फाच्या पाण्यात बसवणं झेपणार नाही असं वाटलं तर अंगावर पाणी शिंपडत जोराचा वारा घालणं हा मार्ग धरा.

उभी गाडी

बाहेर फक्त २२ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तासाभरात ४५ अंशांच्या पुढे तापमान जाऊ शकतं. पहिल्या १० मिनिटांतच १० अंशांच्या आसपास वाढ होते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने नगण्य फरक पडतो. लहान मुलाचं शरीर प्रौढापेक्षा कितीतरी वेगाने तापतं, म्हणून 'दोन मिनिटांत आलो' हे गणित इथे चालत नाही. पाळीव प्राण्यांनाही हेच लागू.

मूल गाडीत विसरणारे आईबाप बेफिकीरच असतात असं मानणं हीच चूक. रोजचा रस्ता, अपुरी झोप आणि मागच्या सीटवर झोपलेलं शांत मूल, एवढं जमलं की मेंदू सवयीच्या वाटेने थेट कामावर जातो. यावर उपाय आठवण ठेवण्याचा नव्हे, रचनेचा आहे: मोबाइल, पिशवी किंवा डावा बूट मागच्या सीटखाली ठेवा, म्हणजे मागचं दार उघडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. पाळणाघराला सांगून ठेवा की मूल ठरल्या वेळी आलं नाही तर दहा मिनिटांत फोन करा. गाडी दारात उभी असतानाही कुलूपबंद ठेवा, कारण मुलं खेळताना आत शिरतात आणि दार आतून उघडता येत नाही. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या जागा बघा, लगेच पुढे गाड्या, डिकीसकट.

बंद गाडीत निपचित मूल दिसलं तर मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच फोडा, कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारून. समोरच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती फुटून पडत नाही; वेळ वाया जातो.

पाणी: बुडणं शांतपणे होतं

श्वासासाठी धडपडणाऱ्याला ओरडायला हवा उरत नाही. त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, म्हणून हात हलवून बोलावणंही होत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होतं, डोकं मागे कललेलं असतं, नजर शून्यात किंवा डोळे मिटलेले, पाय हलत नाहीत, शरीर उभं. दुरून बघणाऱ्याला शिडी चढत असल्यासारखं वाटतं. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. शंका आली तर हाक मारून विचारा. उत्तर आलं नाही तर हातात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ आहे असं समजा.

देखरेख म्हणजे काय हे स्पष्ट करून ठेवा. दहा माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एका वेळी एकच प्रौढ जबाबदार, १५ मिनिटांची पाळी, हातात मोबाइल नाही, पोटात दारू नाही, आणि पाळी बदलताना तोंडाने "आता तू" असं सांगणं. ५ वर्षांखालचं आणि पोहता न येणारं मूल हात लांब केला की हाताला लागेल इतक्या अंतरावर हवं. फुगवलेली चाकं आणि दंडातले फुगे ही खेळणी आहेत. अंगाला बसणारं, बक्कल लावलेलं जीवनरक्षक जाकीट हेच साधन. मापाचं आहे का हे बघायला खांद्याचे पट्टे वर ओढा. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पोहण्याच्या कपड्यांचा रंग भडक केशरी किंवा पोपटी हिरवा असावा. निळा आणि पांढरा तरणतलावाच्या तळाशी दिसतच नाही.

रांगणाऱ्या मुलाला बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं. बादली, टब, फुगवायचा छोटा तलाव वापरून झाला की रिकामा करून पालथा घाला. घरच्या तलावाला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप मिटून खिटी पडणारं फाटक हवं. घराची भिंत चौथी बाजू म्हणून धरू नका, कारण मूल घरातूनच येतं. तळाच्या जाळीचं झाकण तुटलं असेल तर तलाव बंद. तिथल्या ओढीत केस आणि अवयव अडकतात. तलावाची रसायनं हाताळताना रसायन पाण्यात टाका, पाणी रसायनावर ओतू नका, आणि क्लोरीनची पावडर व आम्ल कधीही एका भांड्यात किंवा एका चमच्याने नको. त्यातून विषारी वायू सुटतो.

सूर मारताना होणारी मानेची इजा आयुष्यभराची असते. डोक्यावर उडी मारायची तर किमान २.७ मीटर खोली हवी, आणि तळ स्वतः बघितलेला हवा. नदी-तळ्यात मागच्या वर्षीची खोली या वर्षी नसते; गाळ, खडक, ओंडके सरकतात. पहिल्यांदा नेहमी पाय खाली ठेवूनच उतरा. बंधाऱ्याखालच्या पाण्याजवळही जाऊ नका. वरून पडणारं पाणी तिथे गोल फिरतं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा आत ओढतं. पाणी १५ अंशांहून थंड असेल तर उतरताच आपोआप मोठा श्वास घेतला जातो आणि छाती धपापते. तेव्हा पोहायचा प्रयत्न न करता पाठीवर तरंगत मिनिट-दीड मिनिट काढा. श्वास ताब्यात आला की मग हालचाल.

समुद्रात लाटांच्या मध्ये जो भाग शांत, गडद आणि फेसाविना दिसतो तिथे उतरावंसं वाटतं. नेमकी तीच जागा अनेकदा किनाऱ्याकडून आत ओढणाऱ्या प्रवाहाची असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून बुडाल. प्रवाह खाली नेत नाही, बाहेर नेतो. तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, मग तिरके परत या.

बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उडी घेणारे अनेकदा स्वतः बुडतात, कारण घाबरलेला माणूस जे हाती लागेल त्यावर चढतो. क्रम असा ठेवा: काठी, टॉवेल किंवा दोर पुढे करा, पोहोचत नसेल तर तरंगणारं काही फेका, झाकण लावलेला रिकामा कॅनसुद्धा चालेल, स्वतः काठावर आडवे पडा म्हणजे ओढले जाणार नाही.

बाहेर काढलेला माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर:

१. पाठीवर झोपवा, कपाळ मागे आणि हनुवटी वर करा. पोट दाबून पाणी काढत बसू नका. वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात शिरते.

२. नाक चिमटीत धरून आधी ५ श्वास द्या, प्रत्येक साधारण १ सेकंदाचा, छाती वर येते का बघत. काही ठिकाणी सुरुवातीला २ श्वास शिकवतात, तेही चालतं. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूची असते, म्हणून इथे श्वास टाळायचे नाहीत.

३. छातीच्या मधोमध ३० दाब, प्रौढाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मुलाला छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

४. २ श्वास, ३० दाब, हे चालू ठेवा. दर २ मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या हाताचे दाब उथळ होतात. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र मिळालं तर छाती पुसून कोरडी करून पट्ट्या लावा.

शुद्धीवर आला तरी रुग्णालय हवंच. पाणी नाकातोंडात गेल्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास जलद असेल किंवा मूल मलूल वाटत असेल तरीही. पुढचे ६ ते ८ तास लक्ष ठेवायचं.

ऊन, चटके आणि आग

सनस्क्रीनची तक्रार बहुतेक वेळा प्रमाणाची असते. बाटलीवरचा एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं याचा आकडा) त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने मोजलेला असतो. प्रौढाच्या पूर्ण अंगाला त्यासाठी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. लोक निम्म्याहून कमी लावतात आणि ३० चा आकडा कागदावर राहतो. बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं लावा, दर २ तासांनी आणि पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि पायांच्या वरच्या बाजू राहून जातात. ६ महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे हेच संरक्षण. आणखी एक, फारसं माहीत नसलेलं: हाताला लिंबाचा रस लागलेला असताना उन्हात गेलं तर एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात. लिंबू हाताळून झालं की साबणाने हात धुवा.

डांबरी रस्ता, लोखंडी घसरगुंडी, गाडीतल्या पट्ट्याचं बक्कल, उन्हात पडलेल्या पाण्याच्या नळीतलं पहिलं पाणी, या सगळ्यांचं तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. इतक्या उष्णतेला काही सेकंदांतच त्वचा भाजते. मुलाला बसवण्याआधी तळहाताची मागची बाजू ५ सेकंद टेकवून बघा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी घराबाहेर अनवाणी एक पाऊलही टाकू नये. त्यांना चटका कळतो तो फोड दिसल्यावर.

भाजलं तर नळाचं वाहतं साधं पाणी, पूर्ण २० मिनिटं. उशीर झाला तरी पहिल्या ३ तासांत याचा उपयोग होतो. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या सूज यायच्या आत काढा. त्वचेला चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ, तूप, टूथपेस्ट, हळद काही नको. वर स्वच्छ प्लास्टिकची पातळ फिल्म सैल ठेवा, गुंडाळून आवळू नका. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग, किंवा तळहातापेक्षा मोठी जखम असेल तर दवाखाना.

उघड्यावर पदार्थ भाजताना पेटत्या कोळशावर पेट्रोल किंवा रॉकेल टाकणं हे गंभीर भाजण्याचं ठरलेलं कारण आहे. बाष्पाचा भडका हातातल्या डब्यापर्यंत येतो. गॅसची शेगडी असेल तर झाकण उघडं ठेवूनच पेटवा, आणि ज्योत विझली तर गॅस बंद करून किमान ५ मिनिटं थांबा. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. कोळशाची शेगडी तंबूत किंवा खोलीत नेऊ नका, विझत आलेलीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निखाऱ्यांवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताला ऊब लागत नाही तोवर ते विझलेले नाहीत. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच.

शिडी, यंत्रं, खेळ

सुट्टीच्या दिवसांत घरदुरुस्ती निघते आणि शिड्या बाहेर येतात. भिंतीला टेकवायची शिडी जितकी उंच टेकते त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी बुडाशी भिंतीपासून दूर ठेवा: ४ मीटर उंचीला १ मीटर. छतावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या १ मीटर वर निघायला हवी. हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकू नका, खाली उतरून शिडी सरकवा. गवत कापायच्या यंत्राआधी दगड, तारा, खेळणी वेचून घ्या. पातं दगड फार वेगाने फेकतं. अडकलेलं गवत काढण्याआधी इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची तार निघालेली, किंवा बॅटरी बाहेर. ट्रॅम्पोलीनवर एका वेळी एकच मूल. बहुतेक इजा एकत्र उड्या मारताना होतात आणि त्यात सर्वांत लहान, हलकं मूल सापडतं. सायकलचं हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर यावं, मागे कललेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

दंश आणि वीज

साप चावला तर करण्यासारखं फार थोडं आहे, आणि न करण्यासारखं खूप. चिरा मारू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, साप पकडायला जाऊ नका. अंगठ्या, पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहा आणि माणसाला न चालवता रुग्णालयात न्या. मधमाशीचा काटा नखाने, चिमट्याने, कशानेही काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, भोवळ यांतलं काही दिसलं तर ॲड्रेनालिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन) मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा, कपड्यावरूनही चालतं. नंतर माणसाला आडवंच ठेवा. अचानक उभं केल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू होऊ शकतो. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसू द्या. ५ मिनिटांत सुधारणा नसेल आणि दुसरं पेन असेल तर तेही द्या.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. ३० किंवा कमी आले तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नको. झाड हा आडोसा नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार राहत नाही, त्याला लगेच हात लावून सीपीआर (वर सांगितलेले छातीवरचे दाब आणि श्वास) सुरू करता येतो.

लांबचा प्रवास

उन्हाळ्यात टायर फुटतात ते हवा जास्त झाल्याने असं सर्रास मानलं जातं आणि लोक हवा कमी करून निघतात. खरं कारण उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि आतले थर सुटतात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला दाबच भरा, सामान भरलेलं असेल तर त्यासाठी दिलेला. मोजणी थंड टायरवर करा, म्हणजे गाडी ३ तास उभी राहिल्यावर. चालवल्यावर दाब वाढतो हे गृहीत धरलेलं असतं. गरम टायरमधली हवा सोडू नका. टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका; स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग पडल्यावर कडेला घ्या.

इंजिन तापलं तर बंद करून किमान अर्धा तास थांबा. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वरही उकळलेलं नसतं. रेडिएटरचं झाकण उघडताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. दुपारी २ ते ४ आणि पहाटे झापड येते ती खिडकी उघडून किंवा गाणी लावून जात नाही. कडेला सुरक्षित जागी थांबून २० मिनिटांची डुलकी घ्या.

दुसऱ्याच्या जागेत इजा झाली तर

कामाची जागा, भाड्याचा तलाव, साहसी खेळांचं मैदान अशा ठिकाणी इजा झाली तर उपचारांनंतर लगेच, जागा दुरुस्त होण्याआधी फोटो काढा: तुटलेलं झाकण, ओली फरशी, नसलेली सूचनापाटी, आणि शेजारी मापाचा अंदाज यावा म्हणून एखादी वस्तू. वेळ, हवामान आणि पाहणाऱ्यांचे संपर्क लिहून घ्या. घटनेची नोंद लेखी करून तिची प्रत मागा. डॉक्टरांना इजा कशी झाली ते नेमकं सांगा, कारण केसपेपरवर तेच उतरतं आणि विमा किंवा भरपाईच्या दाव्यात तोच कागद पहिल्यांदा बघितला जातो. फाटलेले कपडे, तुटलेलं हेल्मेट, मोडलेला पट्टा फेकू नका. तयार मजकुरावर, विशेषतः 'आमची काही तक्रार नाही' अशा ओळीखाली, वेदनेत असताना सही करू नका.